तापलेल्या सरकीचा हंगाम

दिवाळी उलटली की हिंगणघाटच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. खालून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जातात आणि प्रत्येक काटा आपला चिमूटभर वाटा ओढून घेतो. हल्ली बंड्या कमी, ट्रॅक्टर जास्त. पण बाभळींना त्याचं काही नाही. परवा देवळीहून एसटीनं तिकडे जाताना उन्हात चमकणारे ते पांढरे पुंजके पाहिले आणि गाव जवळ आल्यावर तो वास आला. जरा तेलकट, जरा आंबूस, भिजलेलं पोतं उन्हात टाकावं तसा. शेजारची बाई म्हणाली, "कायचा वास येऊन राह्यला, बाप्पा?" मी म्हटलं, "सरकीचा." आणि खिडकी लावून घेतली.

कापूस म्हटलं की लोकांना रुई आठवते. जिनिंगच्या यंत्रातून रुई निघून गेली की मागे राहते ती सरकी, म्हणजे कापसाचं बी. काळपट, केसाळ, कुणी मुद्दाम हातात घेऊन पाहावं असं त्यात काही नसतं. तेल काढेपर्यंत ती गोदामात ढीग होऊन पडून असते. पण ही गरीब दिसणारी सरकी मनात राग धरते. ओली आत गेली तर ढिगाच्या पोटात तापत जाते. वरून हात लावावा तर गार, आत तीन हातांवर चटका. तिथून धुमसायला लागली की बाहेर धूर दिसेपर्यंत पोट जळून पोकळ झालेलं असतं.

हे मला सांगितलं मोतीरामभाऊंनी. मोतीराम कुमरे. साठीला टेकलेले, बुटके, कानावर मफलर बांधलेले. हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात त्यांचं काम एकच, सरकीवर राखण. लांब लोखंडी सळई ढिगात खुपसायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, मग ओढून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची. दिवसभर हेच, एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर. तळहात का नाही, असं मी विचारलं होतं.

"तळहात कामानं मेला हाये, बाई. मनगट जित्तं राहते."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांची, वर्ध्याची, सायन्सची पदवी आणि नागपुरातला एका वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. नागपुरातल्या ज्या लहानशा कंपनीत मी लागले होते, तिनं त्या जिनिंगला हजेरी आणि वजनाच्या पावत्यांसाठी कॉम्प्युटर दिला होता. एक मशीन आणि त्याला जोडलेले तीन पडदे. नंतर मॅनेजर वानखेडे साहेबांच्या मनात आलं की हेच मशीन सरकीवर नजर का ठेवत नाही? मग तापमान मोजणाऱ्या बारा नळ्या ढिगांत पुरायच्या, तारा ऑफिसपर्यंत आणायच्या, आणि एखाद्या नळीनं ठरलेला आकडा ओलांडला की अंगणातली घंटा वाजायची, असं ठरलं. त्यासाठीचा प्रोग्रॅम लिहायला मला पाठवलं.

प्रोग्रॅम लिहिणं अवघड गेलं नाही. अवघड होतं त्याला कुणाच्याही आधाराविना चालवणं. त्या काळी मी पडद्यासमोर बसून प्रोग्रॅम सुरू करायची, तो चालायचा. आणि मी माझं काम आटोपून पडदा बंद केला की माझ्याबरोबर तोही संपायचा. मला हवा होता कुणाचाच नसलेला प्रोग्रॅम. त्याच्यासमोर पडदा नको, कीबोर्ड नको. मशीन जागं झालं की त्यानं आपणहून उठावं, सगळ्यांच्या मागे गुपचूप बसून बारा नळ्या पाळीपाळीनं बघाव्यात, आणि मशीन झोपेपर्यंत हलू नये. जाडजूड पुस्तकात बोट घालून मी ते एकेक पायरीनं शिकत होते. आधी त्याला माझ्या पडद्यापासून तोडलं. मग तो अडखळून पडलाच तर त्याला पुन्हा उभा करणारा एक छोटा पहारेकरी लिहिला. ज्या दिवशी मी पडदा बंद करून चहाला गेले आणि परत येऊन पाहिलं तर तो माझ्यामागे आपला चालूच होता, त्या दिवशी मला झालेला आनंद मी कुणाला सांगू शकले नाही. कुणाला काय कळणार होतं? मोतीरामभाऊंना सांगितला.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे तुमी वर्ध्याले गेल्या तरी थो इथीच?"

"हो."

"न लाईट गेली त?"

"लाईट आली, मशीन सुरू झालं, की तोही सुरू होईल."

"न थोच मेला त? घंटी नाई वाजली त मी काय समजाव? सरकी थंडी हाये, का घंटीच मेली?"

मी हसले. त्यासाठीच तर पहारेकरी लिहिलाय, म्हटलं. मेला तर पुन्हा उठेल. त्यांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाच्या शब्दावर साधी माणसं ज्या विश्वासानं मान डोलावतात, त्याची मला आता भीती वाटते.

नळ्या कुठे पुरायच्या ते त्यांनीच दाखवलं. माझ्या नकाशात त्या सारख्या अंतरावर होत्या. त्यांनी तो पाहिलाही नाही. "भितीकडच्या कोपऱ्यात आधी तापते. तथी दोन लावा. दरवाज्यापाशी नका लावू, तथी वारा लागते." चार दिवस ते माझ्याबरोबर ढिगांवर चढले, उतरले. प्रत्येक नळी स्वतःच्या हातानं आत सारली. आपलं उभं आयुष्य ज्या कामात गेलं ते काम त्या बारा नळ्यांच्या हवाली करताना त्यांनी एकही जागा चुकीची सांगितली नाही.

शेवटच्या दिवशी एकच गोष्ट उरली होती. मशीन सुरू होताना ते कोणकोणती कामं आपणहून हाती घेतं, त्याची एक यादी असते. तिच्यात मी आमच्या प्रोग्रॅमची ओळ घातली होती. आता मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं आणि प्रोग्रॅम स्वतः उठतो का ते पाहायचं, एवढंच. मी वानखेडे साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "म्याडम, आता मशीन बंद नका करू. हजेरी चालू हाये, पोरं काम करून राह्यले. हातानं चालवून पाह्यलं ना तुमी? चालते ना? मंग झालं."

चालत होतं, हे खरं होतं. माझी पाचची बस होती, हेही खरं. थांबून संध्याकाळी मशीन मोकळं झाल्यावर पाहता आलं असतं. मी आग्रह धरला नाही. वानखेडे साहेबांनी मला अडवलं, असं पुढे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्यांनी नाही म्हटलं तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. कित्येक आठवड्यांनी मी घरी लवकर पोचणार होते.

निघताना साहेब सहज म्हणाले, "आता मोतीरामले गेटवर बसवतो. वय झालं त्याचं, किती दिवस ढिगावर चढवाव?"

गेटमधून बाहेर पडले तेव्हा मोतीरामभाऊ आधीच तिथल्या स्टुलावर येऊन बसले होते. हात मांडीवर, तळवे वर. मला म्हणाले, "येजो बाई." येजो म्हणजे या पुन्हा. मी हो म्हटलं.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस बारीक, चिवट. तूर झोपली, वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजला आणि तसाच बंड्यांतून आला. ओला कापूस म्हणजे ओली सरकी. मला नागपुरात त्याची आठवणही झाली नाही. पाऊस पाहून मी खिडकीत उभी राहून भजी खाल्ल्याचं मात्र आठवतं.

पावसानंतरच्या रविवारी हिंगणघाटची लाईट गेली. मशीनच्या बॅटऱ्या थोडा वेळ तग धरून बसल्या, मग मशीन बंद पडलं. सोमवारी सकाळी कारकुनानं बटन दाबलं, मशीन उठलं, हजेरी सुरू झाली. आमचा प्रोग्रॅम उठला नाही. आणि तो उठला नाही हे कळायला काही मार्गच नव्हता. घंटा गप्प होती, तशी ती रोजच गप्प असायची.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेटवर बसलेल्या मोतीरामभाऊंना वास आला. इतर कुणाला आला नाही. ते दोन नंबरच्या गोदामात गेले. ढिगावर धूर नव्हता, घंटा वाजत नव्हती. भिंतीला त्यांची जुनी सळई टेकून उभी होती. ती घेऊन ते भिंतीकडच्या कोपऱ्याकडे चढले. सरकीचं पोट तोवर जळून गेलं होतं. वरचा थर त्यांच्या वजनानं खचला आणि ते कमरेपर्यंत आत गेले. हमालांनी दोर टाकून त्यांना वर काढलं. मागून हवा शिरली तसा ढीग पेटला आणि गोदामाचं छप्पर गेलं.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. पाणी मारलेल्या सरकीतून अजून वाफा निघत होत्या. सगळ्या अंगणाला करपलेल्या तेलाची चव होती. चवच, कारण ती जिभेवर बसायची. ऑफिसात कुणी नव्हतं. मी मशीन उघडून नोंदी पाहिल्या. प्रोग्रॅम दर फेरीला एक ओळ लिहायचा, ती रविवारपर्यंत होती. पुढे कोरं. मग मी जे महिनाभरापूर्वी करायला हवं होतं ते केलं. मशीन बंद केलं, चालू केलं, आणि पडद्यावर भराभर सरकणाऱ्या ओळींकडे पाहत राहिले. एक ओळ आली आणि वर निघून गेली. फाईल सापडली नाही.

चूक एवढीशी होती. प्रोग्रॅमला बारा नळ्यांची माहिती ज्या फाईलमधून घ्यायची होती, तिचा यादीतल्या ओळीत मी अर्धाच पत्ता लिहिला होता. मी हातानं चालवायची तेव्हा मी त्याच घरात, म्हणजे ती फाईल ठेवलेल्या कप्प्यातच, उभी असायची, म्हणून अर्धा पत्ता पुरायचा. मशीन आपणहून चालवू लागलं तेव्हा ते त्या घरात नव्हतंच. आणि पहारेकरी? त्यालाही त्याच अर्ध्या पत्त्यावर मी उभं केलं होतं. दोघेही एकाच उंबरठ्यावर पडले. यादीतली ओळ पुरी करायला मला वीस अक्षरं पुरली असती.

मी नागपूरला फोन लावून आमच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यंत्रणा सुस्थितीत होती, वीजपुरवठा अनियमित होता, असं लिही. खोटं नाही ते. लाईट गेलीच होती." मी लिहिलं. यंत्रणा सुस्थितीत होती. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, तेव्हाही होतं.

मोतीरामभाऊंना वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. चार दिवस मी गेले नाही. मी वर्ध्याला घरीच होते, तिथून सायकलवर जाण्याइतकं अंतर. पाचव्या दिवशी गेले. जळालेल्या माणसांच्या खोलीबाहेर त्यांची बायको बसली होती. शेवंताबाई. मी तिला त्याआधी एकदाच, डबा घेऊन आलेली पाहिली होती. तिनं मला ओळखलं.

"बिडीनं लागली म्हन्ते साहेब," ती म्हणाली. "घंटी नाई वाजली, म्हंजे सरकी आतून तापली नोयती. बाहेरून कोनं तरी आग टाकली. म्हंजे यानंच. गेट सोडून तथी बिडी प्याले गेलता म्हन्ते. चौकशीत तसंच लिवून राह्यले." तिनं पदर तोंडाशी धरला. "पोरगी झाली तवापासून बिडीले हात नाई लावला त्यानं. पोरीचं लगन झालं आता, बाई."

तेव्हा मला कळलं की माझा कागद कुठे गेला होता. मी स्वतःला वाचवायला लिहिलेलं एक वाक्य जाऊन मोतीरामभाऊंच्या छातीवर बसलं होतं. यंत्रणा सुस्थितीत, घंटा गप्प, म्हणजे ढीग थंड, म्हणजे माणूस दोषी. हिशेब अगदी नीट जुळत होता. आणि दोषी ठरला की बायकोला भरपाई नाही, मागे कुणाला काम नाही, उलट गोदाम जाळल्याचा डाग.

आत गेले. कमरेखाली चादरीचा मांडव केला होता, कापड अंगाला लागू नये म्हणून. चेहरा तसाच होता. मफलर नसल्यानं कान पहिल्यांदाच दिसले, मोठे, पातळ. डोळे उघडे होते.

"बाई," ते म्हणाले. मग थांबून, "घंटी वाजली होती काय?"

मी खाटेजवळचं स्टूल ओढून बसले.

"मले नाई ऐकू आली. गेटवर बसून मी तिच्याकडंच कान देऊन राहो. चार दिस झाले, इचार करून राह्यलो. वाजली असन न मले ऐकू नाई आली. माहे कानच गेले असन, त मंग साहेबाचं बी काय चुकलं?"

"वाजलीच नाही, मोतीरामभाऊ," मी म्हटलं. "रविवारपासून बंद होती. लाईट आल्यावर प्रोग्रॅम उठायला पाहिजे होता, तो उठला नाही. माझी चूक होती. मी तपासलं नाही."

ते छताकडे पाहत राहिले. मला वाटलं होतं ते रागावतील, आणि मी त्यांना रागावू देईन. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजपर्यंत विसरू शकलेले नाही. त्यांना हायसं वाटलं होतं.

"म्हंजे कान चांगले हायेत माहे," ते म्हणाले.

मी रडायला लागले. त्यांनी थोडं रडू दिलं, मग जरा त्रासून म्हणाले, "मले सांगून काय उपेग, बाई? तथी जाऊन सांगा."

दोन दिवसांनी चौकशीसाठी सरकारी इन्स्पेक्टर येणार होते. मी आमच्या साहेबांना न विचारता हिंगणघाटला गेले. वानखेडे साहेबांच्या खोलीत माझा पहिला कागद टेबलावर होता. मी उभी राहून म्हटलं, हा खोटा आहे. वानखेडे साहेब म्हणाले, पोरगी घाबरली आहे, त्या म्हाताऱ्याची दया आली आहे तिला. इन्स्पेक्टर शांत माणूस होते. त्यांनी विचारलं, "दाखवू शकाल?"

जळक्या गोदामातल्या तारा गेल्या होत्या, पण एक नंबरच्या शाबूत होत्या. मी तिथली एक नळी ढिगातून काढवली आणि कँटीनमधून चहाचं पातेलं मागवलं, उकळत्या पाण्याचं. आधी मशीन बंद केलं, चालू केलं, ते पूर्ण उठेपर्यंत सगळे थांबले. मग नळी पाण्यात सोडली. पाणी खदखदत होतं. दहा-बारा माणसं अंगणातल्या घंटेकडे पाहत उभी होती. काही झालं नाही. हमाल एकमेकांकडे पाहू लागले. वाफ माझ्या तोंडावर येत होती आणि ती घंटा वाजू नये म्हणून मी जिवाच्या आकांतानं प्रार्थना करत होते.

इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. "आता दुरुस्त करा," म्हणाले.

मी आत जाऊन यादीतली ओळ पुरी केली. मशीन बंद, चालू. नळी पुन्हा पाण्यात. घंटा वाजली, इतकी मोठ्यानं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. वानखेडे साहेब आत निघून गेले. एक हमाल, ज्यानं दोर टाकला होता, खाली बसला आणि कानांवर हात ठेवून म्हणाला, "बंद करा न थे. बंद करा."

अपघात कामावरचा धरला गेला. बिडीचं वाक्य कागदातून गेलं. मोतीरामभाऊंना हे कळलं की नाही, मला माहीत नाही. मी त्या संध्याकाळी दवाखान्यात पोचले तेव्हा ते शुद्धीत नव्हते, आणि त्याच आठवड्यात ते गेले. माझी नोकरी गेली, ते ठीकच झालं. पुढे मी देवळीत शिकवायला लागले, तिथेच राहिले. वर्गातली मुलं प्रोग्रॅम चालवून दाखवतात, मोठ्या उत्साहानं. मी त्यांना मशीन बंद करून पुन्हा चालू करायला लावते. त्यांना वाटतं, मॅडमला खोड आहे.

इतक्या वर्षांत मशीनं बदलली. कुणाच्याही नजरेआड गप्प बसून चालणाऱ्या अशा प्रोग्रॅमांवर आता निम्मं जग उभं आहे, असं म्हणतात. असेल. कुठेही फार शांत असलं की मी हाक मारून पाहते. घरात, वर्गात, फोनवर कुणी बराच वेळ बोललं नाही तर. सगळं ठीक असणं आणि कुणीच उरलेलं नसणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. याचा काही उपाय मला सापडलेला नाही. विचारत राहणं, एवढाच.

त्या हंगामाच्या शेवटी, होळीच्या सुमारास, मी शेवंताबाईकडे गेले होते. हिंगणघाटच्या बाहेर, नदीच्या अंगाला त्यांची आठ-दहा घरांची वस्ती. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला पाहून तिनं बाज टाकली, पाणी दिलं. जिनिंगमध्ये तिला झाडझुडीचं काम मिळालं होतं, ते तिनं सांगितलं. मी सोबत नेलेली साडी तिनं घेतली नाही, पण परतही लोटली नाही. ती आमच्या दोघींच्या मध्ये बाजेवर पडून राहिली. ती पुन्हा फुलं पसरायला बसली. मग मी उठले.

ती कुंपणापर्यंत पोचवायला आली.

"खरं बोलल्या, बाई," ती म्हणाली. "बरं केलं थे. सगळे नाई बोलत." फुलांनी चिकट झालेली बोटं तिनं पदराला पुसली. "पर आता माह्या घरी नका येत जाऊ. तुमाले पाह्यलं का मले थो दिवस दिसते."

मी हो म्हटलं. त्यानंतर मी त्या वस्तीवर गेलेली नाही.